दोन चुली, एक मीठ

मित्रांनो, खर्डीच्या पंचांच्या चाळीमागे, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी जी काळवंडलेली मातीची चूल पडली आहे, ती मी. आता कोणी माझ्याकडे बघत नाही. पण एकदा माझ्यामुळे एका घरावर चाळ सोडायची वेळ आली होती.

१९३६ साली आगीत सात घरं जळाली. पंचांनी वर्गणी काढून त्या सात कुटुंबांसाठी चाळ बांधली. भाडं भातात ठरलं, एका चुलीला वर्षाला एक मण. चाळीचा खर्च त्याहून जास्त होता, वरचा भार गाव उचलत असे. पौषातली म्हशाची जत्रा उठली की पंच दारोदार फिरून चुली मोजत आणि नव्या वर्षाचं भाडं ठरवत. पीक बुडालं असेल तर ते कमीही करत.

बाईजाने मला १९४१च्या दिवाळीनंतर घडवलं. वारुळाची माती, भाताचा तूस आणि शेण, एवढंच माझं अंग. तिची सून देवकी बाळंत झाली होती. मोठ्या चुलीवर घरच्यांच्या भाकऱ्या होत. बाळंतिणीची पेज आणि न्हाणीचं पाणी माझ्याकडे असे. मला त्याचा मोठा अभिमान होता.

जत्रेनंतर मोजणीला राघो हा पंचांचा नवा कारकून आला. त्याने चौकटीवर कोळशाने एक रेघ ओढली, मला पाहिलं आणि दुसरी ओढली.

"बाईजा, लेक वेगळा झाला वाटतं? दोन चुली, दोन मण."

"वेगळा कशाला होईल रे? सून बाळंतीण हाय."

"चूल म्हंजे चूल. नेम माझा नाय, पंचांचा."

बाईजाचा मुलगा लडकू दुसऱ्याचं शेत खंडाने करी. एक मण देताना त्याची दमछाक होई. दुसरा मण नाही दिला तर शिमग्याला खोली खाली करायची होती. बाईजाने मुसळ उचललं.

"फोडूनच टाकते हिला!"

आतून देवकी ओरडली, "नको गो आई, पेज शिजतेय!"

तेवढ्यात काठी टेकत धाऊ आले. पंचांत ते सर्वांत वडील. ते उंबरठ्यावर बसले.

"बाईजा, मिठाची मडकी किती?"

"एकच. मीठ कोण वेगळं करतं?"

"आण बघू."

मडकं आलं. धाऊंनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. "राघो, भाऊ भांडून वेगळे होतात ना, तवा पयलं मीठ वाटतात. हितं मीठ एक, मंग घर एक. पूस ती रेघ."

राघोने तळहाताने रेघ पुसली. हात काळा झाला. बाईजाने त्याला हात धुवायला माझ्यावरच तापवलेलं कोमट पाणी दिलं.

पुढच्या जत्रेपासून पंच दारात आले की आधी मीठ बघू लागले. बाया हसत, "पंचांची आमटी अळणी झाली गो!"

त्यानंतर चाळीत पाच बाळंतपणं झाली. प्रत्येक वेळी मला त्या खोलीत नेलं. मग गेल्या पावसात भांडं टेकायचा माझा एक कान विरघळला आणि मी इथे आले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माती आहे, मातीत जाईन. पण उद्या कोणाच्या घराचं भाडं ठरवायला तुम्ही दारात उभे राहिलात, तर कोळसा हातात घेण्याआधी आतल्या माणसांना विचारा. तेव्हा जन्मलेली देवकीची लेक आता सात वर्षांची आहे आणि त्याच खोलीत राहते. चौकटीवर रेघ एकच आहे.