माझ्या अंगावरची खोटी खूण

मित्रांनो, मी एक जुना कागदी नकाशा आहे, आणि गेली बावीस वर्षं अंगावर एक खोटी खूण घेऊन जगतो आहे. दोष माझा नाही. ऐका तर खरं.

छापून आलो तेव्हा मी कसा करकरीत होतो! अंगभर डोंगरांच्या तपकिरी रेषा, निळे ओढे आणि टिकलीएवढी तळी. कोलोरॅडोतल्या आमच्या डोंगरी गावात डेल्बर्ट होग्लंड नावाच्या सुताराने मला विकत घेतलं. हात लाकडात, जीव ट्राउट माशात, असा हा माणूस. माशांना फसवायला पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर अशी हुबेहूब माशी बांधायचा, की एकदा घरच्या मांजरीनेच तिच्यावर झडप घातली.

दर उन्हाळ्यात मी त्याच्या खिशात बसून डोंगर चढलो. पावसात भिजलो, कॉफी अंगावर सांडून घेतली, एकदा तर गरम तव्याखाली शेकूनही निघालो. पण मजा होती. त्याची बायको व्हर्ना मात्र कधी आली नाही. तिची बेकरी होती आणि उन्हाळा म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड. डेल्बर्ट परत येऊन सांगायचा, "तळ्याकाठी निळ्या-पांढऱ्या कोलंबाईनच्या फुलांचं रान फुललंय!" ती म्हणायची, "मला एकदा ने ना रे." हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की!"

आता त्या खुणेचं सांगतो. आमच्याकडचा माणूस मित्राला घराची किल्ली देईल, पण मासे कुठे लागतात ते सांगणार नाही. शेजारच्या रॉइसने मला उसना मागितला, तेव्हा डेल्बर्टने भलत्याच तळ्यावर पेन्सिलने फुली मारली आणि हसत हसत मला त्याच्या हातात दिलं. ते तळं कसलं, दलदल होती! रॉइस तीन दिवस तिथे गळ टाकून बसला. मासा एक नाही, डास मात्र पोटभर जेवले. तो परत आल्यावर डेल्बर्ट म्हणाला, "मासे आहेत रे, पण त्याला हात लागतो!" झाली थट्टा, पण रॉइसने ती मनाला लावून घेतली. गळाची काठी माळ्यावर टाकली ती टाकलीच. डेल्बर्टला खरं सांगायचा धीर झाला नाही. पुढे त्याचा गुडघा गेला, लोक फोनवर रस्ते शोधू लागले आणि मी ड्रॉवरात, जुन्या सेलांखाली पडून राहिलो. फार वाईट वाटायचं हो.

या जूनमध्ये ड्रॉवर उघडला. सत्तरीची व्हर्ना बेकरी बंद करून मोकळी झाली होती. तिने मला टेबलावर, डेल्बर्ट आणि कॉफीला आलेल्या रॉइससमोर पसरलं आणि फर्मान काढलं, "पुढचं वर्ष पुरे झालं. आता मी जाणार. रॉइस, सामान वाहायला तुझी खेचरं हवीत आणि तूही हवास."

यंदा वाटेतल्या खिंडीत बर्फ जास्त होता. बर्फ जसा वितळत वर सरकतो तशी त्याच्यामागे फुलं चढतात, म्हणून जुलैचा तिसरा आठवडा ठरला. पीठ, कॉफी, अस्वलाला न उघडणारा डबा, सगळी यादी झाली. मग तिने नेमकं त्या खुणेवर बोट ठेवलं. "आणि इथे, तुझ्या फुलांच्या तळ्यावर, दोन मुक्काम," ती डेल्बर्टला म्हणाली.

"तिथे?" रॉइस म्हणाला. "अगं, तिथे डास सोडून काही नाही. फुलं कसली घेऊन बसलीस!"

व्हर्ना डेल्बर्टकडे वळली. "म्हणजे इतकी वर्षं मला थापा मारल्यास?"

माझ्या घड्या आवळल्या. बायकोला खरं सांगावं तर मित्र जाणार, गप्प बसावं तर ती दलदलीत जाणार. डेल्बर्टचे कान लाल झाले. त्याने चार बोटं पलीकडच्या तळ्यावर बोट टेकवलं. तिथे खूण नव्हती, पण पूर्वी दर हिवाळ्यात त्याचं बोट फिरून फिरून निळा रंग पुसट झाला होता. "फुलं इथे आहेत. मासेही इथेच. ती खूण मी मुद्दाम खोटी केली होती. रॉइस, तुझ्या हातात काही खोट नव्हती रे. मीच नालायक."

"बावीस वर्षं मी माझ्याच हाताला शिव्या दिल्या, लेका," रॉइस म्हणाला आणि उठून चालता झाला.

गेली खेचरं! व्हर्नाने यादीची घडी घातली. पण थोड्या वेळाने दार वाजलं. रॉइस धुळीने माखलेली काठी घेऊन उभा होता. "दोन डझन माश्या बांधून दे. आणि बारीक बांध, तुझ्या थापांसारख्या जाडजूड नकोत."

जुलैत मी व्हर्नाच्या खिशातून खिंड ओलांडली; गुडघ्यामुळे डेल्बर्ट घरीच राहिला. कंबरेएवढ्या फुलांत ती उभी राहिली, मग मटकन बसली आणि रडली. एकही फूल तोडलं नाही. तिकडे रॉइसच्या गळाला तिसऱ्याच फेकीला ट्राउट लागला. "हात लागतो म्हणे!" असं ओरडून त्याने तो परत पाण्यात सोडला. घरी आल्यावर व्हर्नाने त्या पुसट तळ्यावर पेन्सिलने एक फूल काढलं. डेल्बर्टने ते बघितलं आणि डोळे पुसले.

मला वाटलं, आता सत्याचे दिवस आले. दुसऱ्या दिवशी गळाच्या दुकानात एका बढाईखोराने विचारलं, "कुठे मिळाला रे मासा?" रॉइसने मला पसरलं आणि गंभीर चेहऱ्याने बोट ठेवलं, थेट त्या फुलीवर. शेजारी डेल्बर्ट नुसता खोकला. व्हर्नाचं फूल त्या माणसाला दिसलं, पण मासे धरणाऱ्याला फुलाचं काय!

मित्रांनो, तुमच्या घरच्या नकाशांना कोरडं ठेवा, जुन्या घडीवरच दुमडा आणि खूण करायचीच तर खरी करा. आणि हो, तो माणूस शनिवारी निघतोय. त्याला कोणीतरी डासांचं मलम न्यायला सांगा. मला बोलता येत नाही.