बुधवारी तीन ते चार

"आठवड्यातला एक तास तरी फक्त स्वतःसाठी ठेवा, नाहीतर उद्या तुम्हाला अंथरुणातून उठता येणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी आमच्या भावजयीला सांगितलं. मी शेजारीच बसले होते. म्हटलं, वा! विसाव्या वर्षापासून मी शाळांचे गणवेश शिवतेय, माझ्या जिवाची चौकशी करायला आली का कुणी?

पण तिची अवस्था वाईट होती, ते मान्य. तीन महिने झोप नव्हती. मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि हात आपले चालूच. एकदा तिने चाळीस सदऱ्यांना चुकीच्या बाजूला काजं केली. चाळीस! धाकटा, म्हणजे माझा भाऊ, डोक्याला हात लावून बसला.

घरातच आमचा कारखाना. पुढच्या खोलीत पाच मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. भिंतीवर फळा, त्यावर कुणी कधी काय करायचं ते माझ्या अक्षरात. कापणं, जोडणं, काजं, इस्त्री, आईची आंघोळ, धाकट्याच्या मुलींचा अभ्यास. फळ्यावर नाही ते आमच्याकडे होत नाही. तर मी लिहिलं, 'बुधवार, तीन ते चार, हिचा तास.'

पहिल्या बुधवारी गेली, चारच्या ठोक्याला परत आली. केस ओले.

"कुठे गेली होतीस गं?"

"जरा जाऊन आले, ताई."

महिन्याभरात तिला झोप लागायला लागली. सातव्या बुधवारी तर बाई काजं करता करता चक्क गुणगुणल्या.

आठव्या बुधवारी मी तिच्या मागे गेले. हो, गेले! दोन गल्ल्या सोडून पोहण्याचा तलाव आहे, दुपारी फक्त बायकांसाठी असतो. वर बघणाऱ्यांसाठी पायऱ्या आहेत, तिथून पाहिलं. ही पाण्यावर उताणी पडलेली, हात पसरलेले, कान पाण्यात, नजर छताकडे, आणि हसतेय. एकटीच! आसपास कुणी नाही, कुणी काही बोललेलं नाही. चौदा वर्षांत आमच्या घरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

जळले मी. उगाच खोटं कशाला बोलू? आम्ही जवळ नसलो की हिला हसू फुटतं, म्हणजे आम्ही काय हिच्या उरावर बसलोय?

घरी आल्यावर सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हटलं, "अगं, एवढी छान जागा आणि एकटीच जातेस? आईलाही बरं वाटेल, मुलींनाही. सगळ्याच जाऊ की!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, पण डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"आनंदात राहा म्हणाल्या ना? मग आम्ही काय रडायला येतोय?"

"ताईचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "घरच्यांपासून काय लपवायचं?"

मी 'हिचा' पुसून 'सगळ्यांचा' लिहिलं.

मग काय, वरातच. आई काठावर खुर्ची टाकून बसायची. "सूनबाई, फार आत जाऊ नकोस, माझा जीव खालीवर होतो." मुलींचं सतत काहीतरी, टॉवेल दे, पोहायचा चष्मा घट्ट कर, हिने माझ्या तोंडावर पाणी उडवलं. मी बटणांचं काम सोबत न्यायचे, तास फुकट कशाला घालवायचा? एकदा ती कशीबशी उताणी पडली. कान पाण्यात, त्यामुळे हाका ऐकू येईनात. आईला बाथरूमला जायचं होतं. शेवटी काठावरची लांब काठी घेऊन मी तिच्या खांद्याला टोचलं. दचकून उलटली, नाकातोंडात पाणी गेलं. मुली खो खो हसल्या. मीही हसले.

तिथेच पोहायला शिकवणाऱ्या बाईंशी ओळख झाली. दुकानातले पोहायचे ड्रेस कुणालाच नीट बसत नाहीत म्हणून त्या रडत होत्या. मी म्हटलं, "अहो, मग आम्ही कशाला आहोत?" उभ्या उभ्या साठ ड्रेसची ऑर्डर घेऊन आले. ते ताणलं जाणारं कापड आमच्यात फक्त भावजयीच्या हाताला वळतं, बाकीच्यांचे टाके सुटतात. आता ती शिवणार कधी? फळा तर गच्च भरलेला. मोकळा होता तो बुधवारचा तीन ते चार.

लिहिताना ती मागे येऊन उभी राहिली.

"ताई, हा तास नका हो घेऊ. दुसरं काहीही सांगा. पहाटे उठते, इस्त्रीही माझ्याकडे द्या. पण हा नको. मला परत तसं होईल." आणि तिने माझ्यापुढे हात जोडले.

खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. मग लाजही वाटली, पण आधी बरंच वाटलं.

"चार-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "नंतर आहेच की तुझा तास. कुठे पळून जातोय?"

शिवले तिने. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, शिवण मात्र एकदम साफ. साठावा ड्रेस झाला तेव्हा मला जरा दया आली. म्हटलं, "हे घे, तूच पोचव. आणि पोहूनही ये. एकटी जा, कुणी मागे येणार नाही. आईची शप्पथ."

क्षणभर तिला खरंच वाटेना. मग पिशवी उचलून जवळजवळ पळतच गेली.

पुढच्या बुधवारीही तिला एकटीलाच पाठवलं. अर्ध्या तासात परत. केस कोरडे.

"का गं? उतरली नाहीस पाण्यात?"

"गुडघ्यापर्यंत उतरले होते." ती दारातच उभी. "सगळ्या जणी आपले ड्रेस घालून पोहत होत्या. एकीची काखेतली शिवण ताणली जात होती. एकीचा पट्टा उजवीकडे चढलाय. मी तेच बघत बसले. पाणी दिसतच नाही हो ताई मला आता तिथे."

  मला सुचलं तेच बोलले.

"पट्टा कुणाचा चढलाय म्हणालीस? ड्रेस मागून आणायला हवा होतास, दुरुस्त करून दिला असता."

"आणलाय," ती म्हणाली, आणि पिशवीतून तो ओला ड्रेस काढून मशीनवर बसली.