दुपारी कुठं जाते वीज?

छतावर सोलर बसल्यापासून तात्यापारा मोहल्ल्यातल्या रत्नाकररावांना भलताच नाद लागला होता. सरकारी सबसिडी मिळाली, बिल उतरलं, ते सगळं ठीक. पण नुसत्या उन्हाची वीज होते कशी, याचंच त्यांना नवल. दिवसभर मोबाइलवर वीज किती बनते ते बघत बसायचे. या आठवड्यात मात्र भर दुपारी वीज धपकन खाली यायची. थंडीचं लख्ख ऊन, ढगाचा ठिपकाही नाही, मग वीज जाते कुठं? त्यांनी सोलरवाल्याला फोन करकरून पिडलं, मीटरवर संशय घेतला, वर शेजाऱ्यांच्या आंब्यालाही शिव्या घातल्या.

शेवटी दुखरे गुडघे सावरत ते स्वतः जिना चढले. पॅनलवर त्यांचीच जुनी लुंगी पसरलेली होती आणि तिच्यावर त्यांची बायको कुमुद कोहळ्याच्या ओल्या बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घालत होती.

"अगं, इथं काहून?"

"मंग कुठं? सारं छत तर तुमच्या पॅनलनं खाल्लं."

"अगं, सरकारनं सबसिडी देल्ली याच्यावर!"

"पॅनलवर देल्ली," पुढची बडी घालत कुमुद म्हणाली, "उन्हावर नाही."