चाळीस दिवसांची अमानत

पिंडी शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात लादी कशाला हवी, हे कुणी विचारत नाही. लग्न असेल, मासळी असेल. सहा लाद्या मागितल्या की मात्र माणूस मान वर करून बघतो आणि स्वतः उचलून गाडीत ठेवतो.

*

बाबा गावात पाण्याच्या पाळ्या लावत. समोरच्या कड्याची सावली कुठल्या दगडाला टेकली, त्यावरून कुणाचं पाणी संपलं ते ठरायचं. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. भांडणं रोज सोडवली.

*

रस्त्यावरची पाटी: दगड कोसळतात, थांबू नका. शंभर पावलांवर दुसरी: थांबा, पुढे रस्ता बंद.

*

शब्बीरभाई कराचीत लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेल्यांशी काय बोलायचं ते त्याला कंपनीने शिकवलंय. ‘घाबरू नका, पाच मिनिटं.’ किती वेळ लागेल ते माहीत नसलं तरी पाचच म्हणायचं.

*

अम्मी गाडीत बसली की काही खात नाही. ओढणीच्या टोकाला वाळलेली तुती बांधून घेते, वाटेत गाठ चाचपत राहते, आणि घरी पोचल्यावर तीच तुती परत डब्यात टाकते.

*

जमिनीला ऐकू येतं. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही.

पहिला दिवस

दिवस मोजतेय ते बाबांना पुरल्यापासून. ते गेले त्याच्या तीन दिवस आधी. पिंडीत, हॉस्पिटलमध्ये, मूत्रपिंडाच्या आजाराने. मी पिंडीतच राहते, मुलींच्या शाळेत शिकवते, म्हणून उपचार माझ्याकडे. भाई कराचीहून विमानाने आला. आंघोळ, कफन पिंडीतच झालं. बाबांना पेटीत ठेवलं, भोवती बर्फ. गाडीत पुढे ड्रायव्हर वली आणि भाई, मागे मी, अम्मी आणि पेटी. चोवीस तासांत गावी पोचू, असं वली म्हणाला होता.

अम्मीने बाबांना एकच शब्द दिला होता: तुम्हाला घरी नेईन, तुमच्या आईच्या शेजारी.

अर्ध्या वाटेवर, बियामा गावाच्या अलीकडे, गाड्यांची रांग लागली. वली पुढे जाऊन बघून आला.

“पुलाचं काय?” भाईने विचारलं.

“पूल? साहेब, इथे कधी पूल होता ही मला आता अफवा वाटायला लागलीय.”

वरची हिमनदी फुटून नाल्याला पूर आला होता. पूल नाही, पलीकडचा अर्धा फर्लांग रस्ताही नाही. मागे फिरावं म्हणून गाडी वळवली, तर दोन मैलांवर आम्ही येऊन गेलेल्या जागी अख्खा उतार खाली आलेला. पुढे नाला, मागे डोंगर, बाजूला सिंधू. मधल्या तुकड्यात बावीस गाड्या आणि बियामाची चाळीस घरं.

दोन दिवस तिथेच गेले. बियामाच्या बायका रोट्या आणि खारा चहा घेऊन येत. पेटीतून पाणी गळायचं, ते वली दर तासाला चाकाखालच्या मातीवर माती ओढून झाकायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी गळणं थांबलं. बर्फ संपला होता. ऑगस्टचं ऊन. मागच्या गाडीतल्या माणसांनी आपली गाडी ढकलत लांब नेली.

गावात नमाज पढवणारे आगासाहेब आले. पंचाहत्तरीचे, पायात दोन वेगवेगळे बूट.

“बेटा,” ते भाईला म्हणाले, “आता थांबणं म्हणजे त्यांना त्रास देणं. इथे दफन करा.”

“इथे नाही,” गाडीतून अम्मी म्हणाली.

“कायमचं नाही, बहेन. अमानत म्हणून. जमिनीला सांगू, हा माणूस आमचा आहे, इतके दिवस तुझ्याकडे ठेवतोय. तेवढे दिवस ती सांभाळते, जशाचा तसा परत देते.”

“आणि त्याहून जास्त झाले तर?”

“मग तो तिचा.”

बियामाचं कब्रस्तान नाल्यापासून वर, शेतांच्या बांधाला लागून. सपाट जमीन म्हणजे तेवढीच. पुरुषांनी खणलं, नमाज झाली. बायका आत जात नाहीत, आम्ही दोघी दगडी कुंपणाच्या बाहेर उभ्या. आगासाहेब गुडघ्यावर बसले, मातीवर हात ठेवला आणि मान वळवली.

“किती दिवस सांगू?”

भाई बुलडोझरवाल्याकडून आला होता. रस्ता आठवड्यात होईल, असं तो म्हणाला होता.

“चाळीस,” भाई म्हणाला. “चाळिसाव्या दिवसाची फातेहा घरीच करू.”

“वर्ष सांग!” अम्मी कुंपणावरून ओरडली. तिथल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. “शब्बीर, वर्ष सांग.”

“अम्मी, वर्ष काय! आपल्या गावचे लोक म्हणतील, बापाला वर्षभर परक्याच्या दारात टाकलं. चाळीस खूप झाले.”

“लोक इथे खणायला आले होते का?”

“अम्मी, घाबरू नकोस. रस्ता होतोय.”

आगासाहेब एकदा अम्मीकडे आणि एकदा भाईकडे बघत राहिले. मुलगा तो होता. मग वाकून ते मातीशी बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. आकडा मात्र ऐकू आला.

पाचवा

नाल्यावर तार बांधली गेली. तारेला लाकडी खोका, खोक्यात एका वेळी दोन माणसं, पेटी मावणार नाही एवढाच. अम्मी आणि मी बसलो तेव्हा वली म्हणाला, “खालाजी, खाली बघू नका. वरही बघू नका. डोळे मिटून मला शिव्या द्या, वेळ बरा जातो.”

अम्मीने खरंच एक शिवी दिली. तो खूष झाला. त्याची गाडी तिकडेच अडकली होती, आणि तोही.

सहावा

गाव. आम्ही पोचेपर्यंत बाबांची कबर खणून तयार होती, त्यांच्या आईच्या शेजारी. निरोप मिळाला त्याच दिवशी शेजाऱ्यांनी खणली होती. उघडी ठेवू नये म्हणून वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर दगड. येणारा प्रत्येक जण अम्मीच्या गळ्यात पडून रडायचा आणि मग दाराकडे बघायचा, जणू पेटी मागून येतेय.

विसावा

फोन आला. बियामाजवळचा रस्ता लहान गाड्यांसाठी खुला. नाल्यात दगड भरून तात्पुरती वाट केलीय. भाईने जीप ठरवली. सकाळी निघायचं.

एकविसावा

पहाटे चहा उकळत होता. आधी कुत्री गप्प झाली, मग कपाटातल्या कपबशा बोलायला लागल्या. आम्ही अंगणात आलो. समोरच्या कड्यावरून धूळ उठली, मग त्याच्या मागच्या, मग त्याच्याही मागच्या. दरीत जिकडेतिकडे चुली पेटल्यासारखं. आमच्या गावात दोन भिंती पडल्या. कुणी मेलं नाही.

रस्त्यावर एकवीस ठिकाणी डोंगर आला.

बाविसावा, तेविसावा, पुढचे

धरणीकंपाने सैल झालेले दगड दिवसभर पडत राहतात. खालून बघितलं तर काही दिसत नाही, नुसता आवाज, कुणीतरी वर अक्रोड फोडतंय असा. भाई रोज चौकात जाऊन यायचा.

“काय म्हणाले?” अम्मी.

“आठवडा.”

“मागच्या आठवड्यातही आठवडाच म्हणाले होते.”

“मी म्हणालो का? ते म्हणाले.”

“तू चाळीस म्हणालास.”

यानंतर भाई जेवायला खाली बसेना. उभ्याने रोटी खायचा, ओसरीच्या खांबाला टेकून.

मी आगासाहेबांना फोन लावला. मुदत वाढवता येईल का, विचारलं.

“मुली, ठेव ठेवताना बोलतात ते खरं. मधेच जाऊन शब्द बदलला तर जमीन कुठल्या शब्दाला धरून राहील?”

“पण तुम्ही एकदा सांगून तर बघा.”

“सांगितलं,” ते म्हणाले. “तुझ्या आईचं तोंड आठवलं म्हणून जाऊन सांगितलं. माझं मन मात्र मानत नाही.”

सदतिसावा

रस्ता बियामाच्या अलीकडपर्यंतच सुटला होता, पण आणखी वाट बघण्यात अर्थ नव्हता. भाई, मी, अम्मी आणि गावातले चौघे, नवं कफन, नवी पेटी. अम्मीला नेऊ नका असं सगळे म्हणाले. ती जीपमध्ये आधीच जाऊन बसली होती.

एकोणचाळिसावा

बियामा समोर दिसत होतं. शेतं, बांध, कब्रस्तानाचं कुंपणही. मधे जेमतेम अर्धा मैल, आणि त्यातली चारशे पावलं दगडांचा पाऊस. बुलडोझरवाला उस्ताद खुर्ची टाकून बसला होता, डोळे वर.

“आज नाही,” तो म्हणाला.

“उस्ताद, माझा बाप आहे तिकडे,” भाई म्हणाला. “उद्या शेवटचा दिवस.”

“माझा हेल्पर आहे त्या दगडांखाली, परवापासून. त्यालाही काढायचंय. कुणाला आधी काढू, तूच सांग.”

भाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. उस्तादाने न बघता त्याला अर्धी सिगारेट दिली.

चाळिसावा

सकाळी दगड कमी पडतात, ऊन लागलं की वाढतात. भाई आणि गावातले दोघे उजाडताच धावत पलीकडे जायला निघाले. मी आणि अम्मी कडेला उभ्या. निम्म्यावर पोचले. मग वरून एक दगड आला, मोठा नाही, कलिंगडाएवढा, उडी मारत, आणि गावातल्या जाफरच्या मांडीवर बसला. भाई थांबला. पुढे दोनशे पावलं, मागे दोनशे पावलं, पाठीवर ओरडणारा जाफर. तो मागे आला.

“पुढे का नाही गेलास?” अम्मीने हे मोठ्याने विचारलं नाही. जाफरच्या मांडीला ओढणी बांधताना पुटपुटली. तुती खाली सांडली, तिने वेचली नाही.

भाईने ऐकलं.

संध्याकाळी सूर्य कड्याआड गेला. आम्ही तिघं बियामाकडे बघत बसलो. तिथे कुणाच्या तरी घरातून धूर निघत होता, चहाचा असावा.

बेचाळिसावा

दगड थांबले. का थांबले ते उस्तादालाही माहीत नव्हतं. आम्ही चालत गेलो. आगासाहेब कुंपणापाशीच होते, जणू दोन दिवस तिथेच बसलेले.

“दोन दिवस,” भाई म्हणाला. “आगासाहेब, नुसते दोन दिवस. आम्ही समोर होतो. तुम्हाला दिसलो असू.”

“दिसलात.”

“मग?”

“मी तुला अडवत नाही. फावडं तिथे आहे. पण मी सोबत उभा राहणार नाही, आणि गावातलं कुणी खणणार नाही.”

भाईने फावडं घेतलं. पहिला घाव घातला. माती सुटी होती, सहज आली. दुसरा. तिसऱ्याला अम्मी कुंपण ओलांडून आत गेली. मी तिला तशी आत जाताना कधी पाहिलं नव्हतं. तिने फावड्याच्या पात्यावर पाय ठेवला.

“नको.”

“अम्मी, तूच म्हणतेस ना, घरी न्यायचं?”

“आत काय असेल, शब्बीर?”

भाईने फावड्याचा दांडा तसाच धरून ठेवला.

“चाळीस दिवसांपर्यंत ते तुझे बाबा होते. आता आत काय असेल ते तुला बघायचंय? मला नाही बघायचं. सत्तेचाळीस वर्षं ज्यांचं तोंड बघितलं, ते तसं बघून मी उरलेले दिवस कसे काढू?”

भाईच्या हातातून फावडं सुटलं. तो रडला नाही. काढलेली माती त्याने हातांनी परत लोटली आणि थोपटून सारखी केली. गावातले लोक लांबून बघत होते. एकाने भांड्यात पाणी आणलं, भाईने हात धुतले.

अम्मी आगासाहेबांकडे वळली. इतक्या दिवसांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

“यांच्या शेजारी एक जागा ठेवाल? माझ्यासाठी. घाई नाही.”

आगासाहेबांनी कुंपणाच्या आत नजर फिरवली. बाबांच्या डाव्या बाजूला एक जुनी कबर, उजव्या बाजूला बांध. बांधाच्या पलीकडे बटाट्याचं शेत, शेताच्या पलीकडे उतार.

“बहेन,” ते म्हणाले, “या गावात चाळीस घरं आहेत. माझ्या स्वतःच्या सुनेला आम्ही तिच्या सासूच्या कबरीत पुरलं. तुमच्या माणसाला दिली ती जागा माझी होती.”

अम्मीने मान हलवली, समजल्यासारखी. मग ती बाबांच्या उशाशी बसली आणि मातीवर हात ठेवला, आगासाहेबांनी ठेवला होता तसा. काहीतरी बोलली. या वेळी आकडा ऐकू आला नाही. विचारल्यावर म्हणाली, “काही नाही. चहा प्यायची सवय आहे त्यांना, एवढंच सांगितलं.”

रिकामी पेटी आम्ही बियामातच सोडली. पलीकडे पडून असलेल्या जाफरसाठी इथून खाट न्यायची होती, हात मोकळे हवे होते. परतीच्या वाटेवर भाई सगळ्यात मागे चालला. पुन्हा दगड पडायला लागले तेव्हाही तो पळाला नाही. उस्ताद लांबून शिट्टी वाजवत राहिला.

गावात चाळिसाव्याची फातेहा त्रेपन्नाव्या दिवशी झाली. लोक आले, जेवले. कुणी विचारलं नाही. अम्मीच्या शेजारी बसलेल्या बायका तिला कबर कुठे आहे हे सोडून बाकी सगळं विचारत होत्या. ती उत्तरं देत होती. भाई दुसऱ्या दिवशी कराचीला निघाला. अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण ‘पुन्हा कधी येशील’ हे विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

सोळा जुलैला डॉक्टर म्हणाले होते, यांना घरी न्या. मी दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली. त्या दिवशी पिंडीपासून आमच्या गावापर्यंत सगळा रस्ता खुला होता.