बुडवायचं जहाज

"चार मिनिटं!" नगराध्यक्षांनी चार बोटं साहेबांच्या नाकापुढं धरली. "बुडायला पाचवं लागलं तर मिशी उतरवतो."

साहेब हसले. आमदारकीचं तिकीट त्यांच्या हातात होतं आणि नगराध्यक्षांचा जीव त्या तिकिटात अडकला होता.

लाँचवर खुर्च्या मांडल्या होत्या, समोर जुनं मालवाहू जहाज डुलत होतं. ते एकदा तळाला बसलं की त्याच्यावर प्रवाळ वाढणार, मासे येणार, ते बघायला देशोदेशीचे हौशी पाणबुडे येणार. त्यापायी दवाखान्याचा दुसरा मजला रद्द झाला होता. "पेशंट काय, बरा झाला की तोंड दाखवत नाही," नगराध्यक्षांनी सभेत समजावलं होतं. "पाहुणा पुन्हा पुन्हा येतो."

भोंगा झाला. दोर ओढला. जहाजाच्या पोटाला मुद्दाम पाडलेल्या भोकांवरची झाकणं धडाधड निखळली.

टाळ्या वाजल्या. थांबल्या. जहाज होतं तिथंच.

नगराध्यक्षांनी रंगाचं कंत्राट घेतलेल्या मेहुण्याला बाजूला ओढलं.

"भोकांचं काय केलंस?"

"आतनं पत्रे ठोकले ना! म्हटलं, गंजून पडलीत." मेहुण्याची छाती फुगली. "एकदम पक्कं काम, दाजी. आयुष्यात पहिल्यांदा."

तोवर जहाज वाऱ्यावर किनाऱ्याकडं सरकायला लागलं होतं. त्याचा नांगर मेहुण्यानं आधीच भंगारात घातला होता. साहेबांनी जांभई दिली. ती जांभई नगराध्यक्षांच्या काळजातून आरपार गेली.

"घण घे. चढ वर. फोड."

"अहो, त्याला पोहता येत नाही!" नगराध्यक्षांची बायको खुर्चीतून उठली.

"खारं पाणी आहे. माणूस आपोआप तरंगतो. बस खाली."

छोट्या होडीनं मेहुण्याला जहाजावर पोचवलं. आतून घणाचे ठोके ऐकू यायला लागले. एक पत्रा गेला, दुसरा गेला. मग जहाजानं असा काही आचका दिला, की होडीवाला होडी घेऊन आधी लांब पळाला. बघता बघता जहाज कलंडलं आणि गपकन खाली गेलं.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती नगराध्यक्षांनी.

"घण पडल्यापासून तीनच मिनिटं लागली हो," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"एक मिनिट आपल्या चरणी, साहेब."

"माझा भाऊ आत आहे!" बायकोनं त्यांची बाही धरली.

"फोटो तर होऊ दे," ते दात न उघडता म्हणाले. त्यांनी बाही सोडवून घेतली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले.

फोटोच्या ऐन वेळी बुडबुड्यांतून रंगाचा रिकामा डबा वर आला. डब्याला मिठी मारून मेहुणा. तोंड निळंशार, हातात घण. कॅमेरे सगळे तिकडं वळले. साहेबांनी स्वतः वाकून त्याला लाँचवर ओढलं आणि त्याच्या ओल्या खांद्यावर हात टाकला.

"स्वतःच बुडवतो आणि स्वतः वर येतो! अहो, पक्षाला असाच माणूस पाहिजे. तिकीट याला."

पुन्हा टाळ्या झाल्या. नगराध्यक्षांनीही वाजवल्या, साहेब बघत होते. बायको भावाचं तोंड पदरानं पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

जहाज बसलं ते शहराचं सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या मोठ्या नळाच्या तोंडावर. त्या नळावरचं किनाऱ्यालगतचं पहिलं घर नगराध्यक्षांचं. संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, तेव्हा सांडपाणी न्हाणीघरातून दिवाणखान्यात आलं होतं.