झोपलेल्या पोरीशी केलेला करार

आमची ठमी वीस वर्षांची झाली, तरी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागायची. ताटातलं कधी टाकायची नाही, ताप आला तरी सांगायची नाही. दत्तक घेतलेली पोर. ते तिला लहानपणापासून माहीत. पण म्हणून कायम उपकार फेडत असल्यासारखं राबायचं? मी मुळातच फटकळ, चारदा झापलं. बाईसाहेबांनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

सुतारकाम मात्र बापाकडून जीव ओतून शिकली. ती रंधा मारायला लागली की आमचे हे हातातलं काम सोडून बघत बसतात.

त्या दिवशी आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे प्रभूची भाकर आणि द्राक्षारस ठेवायचं टेबल, करायचं होतं. यांनी वर्षानुवर्षं जपलेली सागाची फळी काढली आणि सरळ तिच्या हातात दिली. आमच्या टेपचं टोक झिजलंय, म्हणून माप शून्याऐवजी दहापासून धरायचं आणि कापताना ते दहा सेंटिमीटर वाढवायचे. ठमी वाढवायला विसरली. करवत थांबली ती थांबलीच, तेव्हा मला स्वयंपाकघरात कळलं की काहीतरी बिघडलंय.

फळी आखूड झाली होती, आणि मंदिराचे सेक्रेटरी काम बघायला येणारच होते. ठमीने करवत खाली ठेवली. वर जाऊन बॅग भरायला लागली.

"कुठे निघालीस?" मी दार अडवून उभी राहिले.

"कुठेही. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी बाबांची फळी घालवली. आता कोणत्या तोंडाने राहू इथे?"

माझं डोकंच फिरलं. पण तेवढ्यात हे मागून आले आणि अंगावरच्या भुशासकट पलंगावर बसले. मी काही बोलले नाही. अशी वेळ क्वचितच येते.

"देवाने अब्राहामाशी करार केला, ती गोष्ट आठवते?" यांनी विचारलं. "जनावरं कापून त्यांचे दोन भाग समोरासमोर मांडायचे आणि करार करणाऱ्यांनी मधून चालायचं. करार मोडेल त्याचं असंच होवो, म्हणून. अब्राहाम चालला का?"

"नाही. त्याला झोप लागली होती."

"मग कोण गेलं मधून?"

"देव. एकटाच."

"तुला घरी आणलं तेव्हा तूही झोपली होतीस. वचन आम्ही दिलं, देवासमोर. तुझ्याकडून काहीच घेतलं नव्हतं. मग तू ते मोडणार कसं?"

ठमीने हातातला कपडा बॅगेबाहेर ठेवला. "आणि फळी?"

"फळी वाया गेली. नीट बघून कापायला हवी होती."

मला रडता रडता हसू आलं. हा माणूस माझा नवरा आहे, याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

खाली सेक्रेटरी आलेच होते. आम्ही तिघं उतरलो तेव्हा ते फळीवर बोट आपटत होते. "कोणत्या नोकराच्या हातात दिलीत ही?"

यांनी तोंड उघडलं. आता हे सगळं स्वतःवर घेणार, हे मी ओळखलं. पण ठमी पुढे झाली.

"नोकर नाही, मी यांची मुलगी. चूक माझी आहे, आणि मेज मीच पुरं करून देणार."

वीस वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही परक्या माणसासमोर, मान ताठ ठेवून. सेक्रेटरी पुढे काय बोलले, मला सांगता यायचं नाही.