मेंदूची पट्टी आणि सोमवारचं मौन

वडवणीच्या मंगल कार्यालयात त्या सोमवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर सिद्धेश्वर कापडवाल्यांचा धाकटा मुलगा खुर्चीत बसला होता. कपाळाला काळी पट्टी, पट्टीवर तीन निळे दिवे. समोरच्या उंच टेबलामागे उभे राहून, त्या पट्टीनं मुलांचा मेंदू वाचून भविष्य सांगणारे योगीराज सर हळूच म्हणाले, "सातव्या वर्षी हा मुलगा उंचावरून पडला. उजवा हात मोडला. तेव्हापासून हा डाव्या हातानं चित्रं काढतो." मुलाची आई उमाबाई पदर तोंडाशी नेऊन रडू लागल्या. टाळ्या थांबेनात.

टाळ्या मीही वाजवल्या असत्या. पण तासाभरापूर्वी नावनोंदणीच्या रांगेत उमाबाई माझ्या पुढेच होत्या. पोरगा दुकानातल्या शिडीवरून कसा पडला, हे त्यांनी पाणी देणाऱ्या, कार्यक्रमाचा टी-शर्ट घातलेल्या मुलींपैकी एकीला अगदी रंगवून सांगितलं होतं. ऐकताना त्या मुलीची बोटं मोबाइलवर चालत होती. मला वाटलं, मैत्रिणीशी बोलत असेल.

भाषण गोड होतं, खोटं कशाला बोलू. कापसावर ड्रोननं फवारणी, बोललेलं लिहून देणारी यंत्रं, आज ज्यांना नावसुद्धा नाही अशा उद्याच्या नोकऱ्या. "तुमच्या लेकराच्या मेंदूत कल्पनेचा कारखाना आहे. कारखान्याला कुलूप आहे. आणि त्या कुलपाची चावी..." इथं सर थांबायचे, मागचं संगीत चढायचं, "...भविष्याच्या खिशात आहे!" भविष्याला खिसा कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. मी जन्मभर कीर्तनं ऐकत आले. बोलणारा कुठं थांबतो आणि का थांबतो, ते मला कळतं. फरक एवढाच की कीर्तनकार फिरून फिरून देवाच्या नावावर येतो, आणि हे फिरून फिरून पट्टीवर येत होते.

आमच्या घराचा तर एक मोठा निर्णय त्या पट्टीवर अडकला होता. माझी सायली दहावी झालेली. तिला बीडला जाऊन सायन्स घ्यायचं होतं आणि प्रवेशाची मुदत गुरुवारी संपत होती. माझ्या सासऱ्यांनी, सुंदररावांनी, योगीराज सरांची जाहिरात मोबाइलवर पाहिली आणि घरात सांगून टाकलं, की मशीन सायन्स म्हणालं तर बीड, नाही म्हणालं तर पोरगी घरी. स्थळं येऊ लागलीच आहेत. सायलीचे वडील आपल्या वडिलांपुढं कधी बोलले नाहीत.

सोमवारी सांजवातीपर्यंत माझं मौन असतं. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. त्यामुळं रांगेत ती मुलगी माझ्यापाशी येऊन "मावशी, घरी कोण कोण असतं?" म्हणू लागली तेव्हा मी नुसते हात जोडले. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी सायलीच म्हणाली, "काकू बोलणार नाहीत. आज त्यांचं मौन आहे." सायलीची दहावी आणि आपल्याला सायन्स नको, हे सासऱ्यांनी तिला आधीच ऐकवलं होतं. तिची बोटं पुन्हा मोबाइलवर चालली.

सायलीची पाळी आली. पट्टी बांधली, निळे दिवे लागले. योगीराज सरांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, ध्यान लावलं. मला दिसलं की खाली टेबलावर टॅब आहे.

"फार वेदना आहे इथं," सर म्हणाले. "ही मुलगी आईविना वाढते आहे. काकूंजवळ. आई गेली आणि हिचा तर्काचा कप्पा बंद झाला. विज्ञान हिला झेपणार नाही. शिवणकाम, पाककला, यातच हिचं भविष्य आहे."

सासऱ्यांची मान "मग बीड न्हाई" म्हणून हलायच्या बेतात होती, पण "आईविना" ऐकलेलं ध्यानात आलं आणि मध्येच थांबली. सायलीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग माइककडं तोंड करून शांतपणे म्हणाली, "सर, त्या माझ्या आईच आहेत. तिसऱ्या रांगेत बसल्यात. मी त्यांना काकू म्हणते."

आमचं घर एकत्र. जावेची मुलं मोठी, ती मला काकू म्हणायची. सायली बोलायला शिकली ती त्यांचं ऐकून, आणि मी तिचीही काकूच झाले. आमच्या भागात घरोघर असंच आहे.

मागून म्हातारी बायनाबाई म्हणाली, "माझी पोरं तर मला वहिनी म्हणत्यात. त्यान्ला काय सांगंल वो तुमची मशीन?"

सगळं कार्यालय हसलं. योगीराज सरही हसले. कुणाच्या तरी नकारात्मक विचारांनी तरंगांत अडथळा आलाय, म्हणाले. मी नावनोंदणीच्या कागदामागं लिहिलं, "पुन्हा करा. मुलींचे मोबाइल आणि तुमचा टॅब बाजूला ठेवून." कागद कडेला बसलेल्या भागवत सरांकडं दिला. ते सायलीला विज्ञान शिकवायचे. त्यांनी तो उभं राहून वाचला.

मशीन तापलंय, असं उत्तर आलं. तोवर भागवत सर टेबलापाशी पोचले होते. टॅब उचलून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सायली. दहावी. आजोबांना सायन्स नको. सोबत काकू, काकूंचं मौन. आईचा उल्लेख नाही." त्याच्या वरच्या ओळीत उमाबाईंचा मुलगा होता, शिडीसकट.

सुंदरराव उठले, काठी टेकत वर गेले आणि खुर्चीत बसले. "बांधा माझ्या डोक्याला. मला लेकरं किती, तेवढंच सांगा."

"आजोबा, साठीनंतर तरंग मंदावतात."

"मग पोरीच्या तरंगावर लई जोरात बोलत व्हते तुमी."

भागवत सरांनी पट्टीचं अस्तर उसवलं. आत घड्याळाचे दोन सेल, तीन बारके दिवे, एक तार आणि स्पंज. मेंदूचं काही वाचेल असं त्यात काहीच नव्हतं. वाचायचं काम त्या पाणी वाटणाऱ्या मुली रांगेतच उरकत होत्या.

सासरे ती पट्टी टेबलावर टाकून सायलीकडं वळले. मग म्हणाले, "सायले, तुला काय शिकायचंय?"

सोळा वर्षांत त्यांनी हे तिला पहिल्यांदा विचारलं.

"सायन्स. गणित थोडं जड जातंय, पण करीन."

"बुधवारच्या पहिल्या यष्टीनं जाऊ. मी येतो संगं."

मी देवभोळी बाई. उपास करते, पोथी वाचते, आणि ते सोडणारही नाही. पण श्रद्धा माझी आणि महादेवाची; ती माझ्या लेकीच्या शिक्षणाचा निकाल लावायला कुणाच्या हाती मी देणार नाही. त्या माणसानं देवाचं नावही घेतलं नव्हतं. अंगाऱ्याच्या जागी निळे दिवे लावले, आणि शिकलेले लोकही तिथं हात जोडून उभे राहिले.

नव्या यंत्रांवरची भाषणं जरूर ऐका. त्यातलं पुष्कळ खरंही असतं. फक्त बोलणाऱ्याला एवढं विचारा, की हे तुम्हाला कसं कळलं? खऱ्या विद्येला या प्रश्नाचा राग येत नाही. सायली वर्गात भागवत सरांना तो रोज विचारायची, आणि सर फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.